न उचलायचा फोन

सोमवार, २ नोव्हेंबर १९८७. पार्सिपनी.
सकाळी गवतावर दंव गोठले होते. पद्मजाने लोकरीचे कपडे खाली काढले. फ्रोझन भेंडीची भाजी केली, तार सुटली. घड्याळे मागे घेतल्यापासून पाचलाच अंधार पडतो. संध्याकाळी फोन पुन्हा दोनदा वाजून बंद झाला. कांचन जिन्यात बसली होती. वाजत असताना उठली नाही.

सुमित्राबाई केळुसकरांच्या डायरीत ‘वाटले’ हा शब्द शोधूनही सापडला नसता. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी मुलींना रोजनिशी लिहायला लावली, तेव्हा एकच नियम घालून दिला होता. घडले ते लिहायचे. मनात आले ते देवाला सांगायचे, कागदाला नाही. सुमित्राबाईंनी हा नियम लग्नानंतर पाळला, नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांबरोबर गावोगाव फिरताना पाळला, आणि दिगंबरराव गेले त्या दिवशीही पाळला. त्या दिवसाखाली लिहिले आहे: ‘हे पहाटे गेले. दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर सांगितले.’

पण कागदावर ज्याला जागा नाही ते जाते कुठे? सुमित्राबाईंच्या बाबतीत ते डोक्यातच राहायचे आणि तिथे मुरत बसायचे. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला ही बाई शांत, नेटकी, कमी बोलणारी दिसे. आतून मात्र ती सतत कशाचा तरी माग काढत असे.

वसंतात त्या मुलाकडे आल्या. श्रीरंग एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट होता, सून पद्मजा विम्याच्या ऑफिसात. दोघे अंधार पडल्यावर घरी यायचे. नात कांचन सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली, व्हायोलिन वाजवणारी. मराठी तिला सगळे समजायचे, उत्तर मात्र इंग्रजीत यायचे.

त्या उन्हाळ्यापासून जर्सी सिटीतून वाईट बातम्या येऊ लागल्या. आपल्या लोकांना रस्त्यात गाठून मारतात, बाईच्या कपाळावर टिकली दिसली की शिव्या देतात, दगड फेकतात. पार्सिपनी तिथून लांब होते. पण भीतीला लांब-जवळ कळत नाही. श्रीरंगने टपालाच्या पेटीवरचे आडनाव खरवडून काढले. पद्मजा सकाळी निघताना टिकली काढून बाथरूमच्या आरशाला चिकटवून जाई आणि संध्याकाळी परत लावी. दिवाळीचा आकाशकंदील स्वयंपाकघरात, पडदे ओढून टांगला गेला.

“आई, एकटी असताना दार उघडायचं नाही,” श्रीरंगने बजावले होते. “साडीत बाहेर फिरायला जायचं नाही. आणि अनोळखी फोन आला तर नाव सांगायचं नाही. फोनबुकात आपली आडनावं बघून नंबर फिरवतात म्हणे.”

“मग काय सांगायचं?”

“काही नाही. ठेवून द्यायचा.”

“उचलल्यावर न बोलता ठेवणं हा असभ्यपणा आहे, श्रीरंग.”

“आई, प्लीज. हे कॉन्व्हेंट नाहीये.”

तेव्हापासून सुमित्राबाई खिडकीशी बसू लागल्या. समोरचा हॅन्ली नावाचा म्हातारा रोज तीच पाने त्याच कोपऱ्यात ओढत असे आणि मधूनच दाताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून यांच्या घराकडे बघे. का बघे? बाजूंना लाकडी पट्ट्या असलेली एक तपकिरी स्टेशन वॅगन अंधार पडायच्या सुमाराला कोपऱ्यावर हळू व्हायची, आत दोन डोकी दिसायची, मग ती निघून जायची. ही कुणाची? आणि सगळ्यांत मोठा संशय भिंतीवरच्या फोनचा. तो दोनदा वाजायचा. हात पुसून पोचेपर्यंत गप्प. रोज, संध्याकाळीच.

त्याहून विचित्र होती कांचन. तेवढ्या वेळेला ती वह्या घेऊन जिन्यात येऊन बसे. फोन वाजून थांबला की उठे, एक नंबर फिरवे, रिसीव्हर क्षणभर कानाला लावे आणि तोंडातून शब्द न काढता ठेवून देई. मग एकदम मोकळी होऊन फ्रिज उघडे.

“कुणाला फोन केलास?” सुमित्राबाईंनी मंगळवारी विचारले.

“नोबडी, आजी.”

“नोबडीचा नंबर असतो वाटतं?”

“इट्स नथिंग, यार!”

“मी तुझी यार नाही.”

“सॉरी, आजी.” कांचन हसली. पण हसताना तिचा डोळा खिडकीबाहेर होता, हे सुमित्राबाईंनी टिपले.

त्यांनी सुनेच्या कानावर घातले. पद्मजा आरशासमोर टिकली लावत होती. “आई, या वयाच्या मुली फोनला चिकटलेल्याच असतात. असेल एखादा मुलगा.”

“मुलगा असेल तर बोलेल ना! ही बोलत नाही.”

पद्मजाचा हात कपाळाशी थांबला. सुमित्राबाईंना त्या थांबण्याचाही संशय आला. या घरात सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि आपल्यालाच ते सांगत नाहीत, अशी त्यांची खात्री होत चालली.

गुरुवारी त्रिपुरी पौर्णिमा होती. बाहेर पणत्या लावायच्या नाहीत असा श्रीरंगचा हुकूम होता, म्हणून निदान देवापाशी तरी त्रिपुरवात लावावी असे ठरवून त्यांनी दुपारभर बसून वाती वळल्या. कांचनची त्या दिवशी शाळेत ऑर्केस्ट्राची तालीम होती. ती उशिरा येणार होती. घरात दुसरे कुणी नव्हते. सुमित्राबाईंनी वातीचे ताट उचलून फोनखालच्या स्टुलावर आणले आणि तिथेच ठाण मांडले. आज पोचायला उशीर होणार नव्हता.

अंधार पडला. फोन वाजला. पहिली रिंग संपायच्या आत त्यांनी तो उचलला.

“हॅलो. कोण बोलतंय?”

पलीकडे श्वास ऐकू आला. मग खट्‌.

रिसीव्हर ठेवताच पुन्हा घंटा. पुन्हा उचलला. “तुम्ही जे कोणी असाल,” त्या सिस्टर बेनेडिक्टांच्या इंग्रजीत ठणकावून म्हणाल्या, “तुम्हाला देव बघतो आहे!” पुन्हा खट्‌.

तिसऱ्यांदा वाजेपर्यंत त्या थांबल्याच नाहीत. वर श्रीरंगच्या खोलीत दुसरा फोन होता. त्याचा रिसीव्हर काढून त्यांनी उशीखाली दाबून ठेवला. वाज म्हणावे आता.

थोड्या वेळाने कांचन आली. व्हायोलिन खाली ठेवायच्या आधी, बूटही न काढता तिने विचारले, “आजी, डिड द फोन रिंग?”

सुमित्राबाईंनी तिच्याकडे पाहिले. आता चोर सापडणार. खरे सांगितले तर पोरगी काहीतरी सारवासारव करील. खोटे सांगितले तर चेहरा बोलेल. आयुष्यभर ‘घडले ते’ लिहिणाऱ्या बाईने शांतपणे म्हटले, “नाही.”

“नॉट इव्हन वन्स? आर यू शुअर?”

“नाही म्हटलं ना. का? कुणाचा यायचा होता?”

चेहरा बोलला खरा, पण त्यांना हवे ते नाही. चोरी पकडलेल्या मुलीचा तो चेहरा नव्हता. कांचनच्या ओठांवरचा रंग उडाला. तिने घड्याळ पाहिले, झटकन भिंतीवरचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, आकडे दाबले, पुन्हा दाबले.

“आजी, द फोन इज डेड. सिन्स व्हेन?”

वर उशीखाली काय आहे ते सांगायची ही वेळ होती. पण ते सांगायचे तर आधीचा ‘नाही’ही मागे घ्यावा लागला असता, आणि नातीसमोर खोटे पडायची सुमित्राबाईंना सवय नव्हती. “मला काय माहीत,” त्या म्हणाल्या.

“आय हॅव टु गो. टु द लायब्ररी. आय’ल बी राइट बॅक.”

“अंधारात? कुणाला भेटायचंय तुला?”

“आजी, नॉट नाऊ!” दार आपटले. गॅरेजमधून सायकल काढल्याचा आवाज आला.

त्या खिडकीशी धावल्या. हॅन्लीच्या मेपलमागून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. कांचनची सायकल कोपऱ्यावरून वळली. आणि तिच्या मागोमाग, दिवे न लावता, ती लाकडी पट्ट्यांची वॅगन वळली.

श्रीरंगला फोन करावा तर फोन वर उशीखाली. जिना चढून सुमित्राबाईंनी उशीखालून रिसीव्हर काढला, ऑफिसचा नंबर आठवू लागल्या, आणि तेवढ्यात दारावर धपाधप थापा पडल्या. रिसीव्हर पलंगावरच टाकून त्या खाली आल्या.

“कोण आहे?” त्यांनी साखळी न काढता बोटभर दार उघडले. बाहेर एक मुलगी आणि तिच्या मागे जाडजूड जॅकेटातला उंच मुलगा.

“आजी, मी वीणा. कांचनची फ्रेंड.”

“नाव कुणीही सांगेल. वडिलांचं नाव?”

“राजीव दाभोळकर!”

“मूळ गाव?”

“आजी, इट्स फ्रीझिंग! आय डोंट नो, रत्नागिरी समथिंग!”

“आणि हा?”

“शैलेंद्र,” मुलगा म्हणाला. “आमचं गाव नागपूर. आजी, कांचन कुठंय? तुमचा फोन बिझी का येतोय?”

हाच तो मुलगा, असे सुमित्राबाईंच्या मनात आलेच. पण मुलाच्या आवाजात घाबरलेपण होते. त्यांनी साखळी काढली. “ती लायब्ररीकडे गेली. सायकलवर.”

वीणाने तोंडावर हात ठेवला. “बट आय कॉल्ड! मी घरी पोचल्यावर रिंग दिली. तुम्ही उचललात!”

“ती तू होतीस? मग बोलली का नाहीस?”

“बोलायचं नसतं, आजी. दोन रिंग द्यायच्या आणि ठेवायचा. आपले डॅडी लोक कॉन्फरन्सला गेले की हॉटेलमधून करतात ना तसं. लाँग डिस्टन्सचं बिल नको म्हणून. दोन रिंग म्हणजे पोचलो, कुणी उचलायचा नाही.”

श्रीरंग या वर्षात बाहेरगावी गेलाच नव्हता, त्यामुळे या देशात स्थिरावलेल्या आपल्या माणसांची ही युक्ती सुमित्राबाईंना माहीत असायचे कारण नव्हते. पुढचे शैलेंद्रने भराभर सांगितले. ऑक्टोबरात वीणा लायब्ररीतले काम संपवून चालत येत होती, तेव्हा लाकडी पट्ट्यांची एक वॅगन तिच्या बरोबरीने चालली. आतल्या पोरांनी शिव्या दिल्या, सोड्याची भरलेली बाटली फेकली; तिच्या खांद्याला लागली. तेव्हापासून या तिघांनी ठरवले. वीणा घरी पोचली की कांचनला दोन रिंगा. कांचनने मग शैलेंद्रला दोन रिंगा. रिंग आली नाही तर पुढच्याने शोधायला निघायचे.

“आणि हे घरी कुणाला सांगितलं नाही?”

“सांगितलं की संपलंच ना, आजी,” वीणा म्हणाली. “जॉब बंद, ऑर्केस्ट्रा बंद, सगळं बंद. वी’ल बी इन द हाउस टिल कॉलेज.”

म्हणजे रिंग आली होती. वीणा सुखरूप होती. आणि कांचन तिला शोधायला, तीच वॅगन पाठीवर घेऊन, अंधारात गेली होती. कारण तिच्या आजीने ‘नाही’ म्हटले होते.

“गाडी आहे?” सुमित्राबाईंनी विचारले.

“डॅडची.”

“चल.”

श्रीरंगचा ओव्हरकोट नऊवारीवर चढवून त्या पुढच्या सीटवर बसल्या. काचेतून एकेक झाड, एकेक अंगण मागे पडत होते. फुटपाथवर कुत्रा फिरवणारा माणूस दिसला. त्यांनी मान वळवून त्याच्यावर संशय घेतला. एका अंगणात पानांच्या पिशव्या रचल्या होत्या. त्यांना त्या पडलेल्या माणसासारख्या दिसल्या. वळणावर, बंद पडलेल्या धुलाईच्या दुकानासमोर, कांचनची सायकल आडवी पडलेली होती.

वीणा रडू लागली. शैलेंद्रने गाडी थांबवली, पण उतरायला तो धजेना. सुमित्राबाई उतरल्या. सायकलचे पुढचे चाक अजून सरळ होते. त्यांनी आजूबाजूला पाहिले. पलीकडे डोनटचे दुकान होते, दिवे चालू, पण दारावर ‘बंद’ची पाटी उलटवलेली. या वेळेला दिवे चालू ठेवून दुकान बंद कोण करते?

त्या रस्ता ओलांडून गेल्या, मागोमाग मुलेही आली, आणि त्यांनी काचेवर टकटक केली. काउंटरमागून एक जाडी गोरी बाई आली. तिच्या हातात कॉफीचे काचेचे भांडे होते, उकळते. तिने या तिघांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले आणि कडी काढली नाही.

“काय पाहिजे?”

“माझी नात,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“नाव सांगा.”

क्षणभर सुमित्राबाईंना आपलाच मघाचा आवाज ऐकू आल्यासारखे झाले. “कांचन. सोळा वर्षांची. व्हायोलिन वाजवते.”

बाईने आत मान वळवून विचारले, “हनी, यांना ओळखतेस?”

“दॅट्स माय ग्रँडमदर,” आतून आवाज आला.

कडी निघाली. कांचन कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. गुडघा खरचटलेला, समोर न खाल्लेला डोनट. वॅगन तिला चाटून गेली होती. ती पडली, सायकल टाकून दिसलेल्या पहिल्या दाराकडे पळाली. दुकानदारीण बाईने दार लावून घेतले आणि पोलिसांना कळवले. वॅगन बराच वेळ समोर उभी होती, मग गेली.

वीणा तिच्या गळ्यात पडली. “यू इडियट! मी घरी होते!”

“यू डिडन्ट रिंग!”

“आय डिड!”

कांचनने वळून आजीकडे पाहिले. “आय कॉल्ड होम फ्रॉम हिअर, आजी. सो मेनी टाइम्स. जस्ट बिझी. आय थॉट दे केम टु द हाउस टू.”

सुमित्राबाई तिच्यासमोर बसल्या. “फोन मी काढून ठेवला होता. आणि वाजला होता. मी तुला खोटं सांगितलं.”

“व्हाय?”

याला उत्तर होते, पण ते सगळे ‘वाटले’मध्ये मोडणारे होते. “तुझा चेहरा बघायचा होता,” त्या म्हणाल्या. कांचनने हात आजीच्या ओव्हरकोटाच्या बाहीत घातला आणि काढला नाही.

पोलीस आला, चांगले बोलला, वॅगनचा नंबर विचारला. तो कुणीच पाहिला नव्हता. तो वहीत काहीतरी लिहून निघून गेला. सुमित्राबाईंना त्याचाही भरवसा वाटला नाही.

घरी आल्यावर सुमित्राबाईंनी आधी वरचा रिसीव्हर जागेवर ठेवला. खाली येताच मुलांनी त्यांना घेरले. “आजी, प्लीज डोंट टेल डॅडी. आय’ल से आय फेल.”

“आजचं एक खोटं माझ्या पदरात आहे. दुसरं मी घेणार नाही.”

श्रीरंग आणि पद्मजा आले तेव्हा सुमित्राबाईंनी स्वतःपासून सुरुवात केली: आधी उचललेला फोन, मग ‘नाही’, मग उशी. श्रीरंग ऐकता ऐकता उभा राहिला. “बस झालं. उद्यापासून शाळा आणि घर. ऑर्केस्ट्रा नाही, काही नाही.”

“सी?” कांचन म्हणाली. “टोल्ड यू, आजी.”

“मला कळायला हवं होतं,” पद्मजा हळूच म्हणाली. “आई बोलल्या होत्या. मला कळलं होतं काहीतरी आहे. मी भीतीपोटी विचारलं नाही.”

“श्रीरंग,” सुमित्राबाई म्हणाल्या, “आकाशकंदील आत टांगून झाला. नाव पुसून झालं. आता हिलाही आत टांगायची? या पोरांनी तुम्हाला न विचारता जे केलं ते तुम्ही केलेल्या सगळ्यापेक्षा शहाणपणाचं होतं. ते मोडलं कुणी? मी. म्हणून आता तेच करायचं, फक्त उघड. लायब्ररीतून वीणाला शैलेंद्र गाडीने आणेल. तालमीहून हिला तू आणायचं. आणि रिंग घ्यायला संध्याकाळी घरात मी असतेच. मला तेवढं शिकवा.”

“काय शिकवायचं, आई?”

“फोन न उचलायचं. मला ते जमत नाही.”

कांचनला हसू फुटले. रडणे अजून संपले नव्हते तरी. श्रीरंग खाली बसला आणि म्हणाला, “एक आठवडा बघू.”

शैलेंद्र वीणाला सोडायला गेला होता. सगळे स्वयंपाकघरात फोनसमोर बसून राहिले. भाताचे कुणी नाव काढले नाही. बाहेर एक गाडी हळू झाली. सगळ्यांनी माना वळवल्या. हॅन्लीच्या दारात थांबली, कुणीतरी उतरले, गाडी गेली. कोण होते ते दिसले नाही.

मग फोन वाजला. सुमित्राबाईंचा हात आपोआप वर गेला. कांचनने तो धरून खाली आणला आणि धरून ठेवला. दुसरी रिंग. हात तसाच. मग शांतता.

“पोचली,” कांचन म्हणाली. आज ती मराठीत म्हणाली.

जेवणे उशिरा झाली. त्रिपुरवात देवापाशी लावायची राहिली होती. सुमित्राबाईंनी तुपाचे भांडे पालथे करून ती भिजवली. ताट हातात घेऊन त्या देवघराच्या कोनाड्याकडे निघाल्या होत्या, तर श्रीरंगने पुढच्या खिडकीचा पडदा बाजूला केला आणि खालच्या कट्ट्याकडे नुसते बोट दाखवले. वात तिथे जळली. काचेपलीकडे अंधारात कोण बघत होते की नव्हते, कळायला मार्ग नव्हता. सुमित्राबाई मात्र वात विझेपर्यंत खुर्ची टाकून तिथे पहाऱ्याला बसल्या.

मग त्यांनी डायरी उघडली. खोटे बोलणे हे मनात आलेले नव्हे, घडलेले होते. तेव्हा नियमाप्रमाणे ते लिहिणे भाग होते.

गुरुवार, ५ नोव्हेंबर १९८७.
त्रिपुरी पौर्णिमा. फोन वाजला. कांचनला मी नाही म्हणून सांगितले. तिचा उजवा गुडघा खरचटला, हळद लावली. वीणा पोचल्याची रिंग आली, उचलली नाही. तूप संपले. उद्या बटर कढवायचे आहे.